ग्लोव्हजच्या आतला भराव: सरावासाठी आणि स्पॅरिंगसाठी बॉक्सिंग ग्लोव्हज कसे निवडावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या बहुतेक मुलांची अंगमेहनतीच्या खेळाशी पहिली ओळख तालमीत होते. तिथे लंगोट, लाल माती आणि वस्तादांचा शब्द एवढ्यावर भागते. सामान विकत घेण्याचा प्रश्न फारसा येतच नाही. त्यामुळे हीच मुले, आणि आता मुलीही, जेव्हा बॉक्सिंगकडे वळतात तेव्हा ग्लोव्हजची खरेदी त्यांना किरकोळ बाब वाटते. दुकानात गेल्यावर आधी रंग पाहिला जातो, मग किंमत विचारली जाते, थोडीफार माहिती असलेला औंस विचारतो. पण आत काय भरले आहे, हे जवळजवळ कोणीच विचारत नाही. शहराच्या कडेला एका लहानशा हॉलमध्ये मी अनेक वर्षे संध्याकाळी नवशिक्यांचा सराव घेतो आणि दर वर्षी जूनमध्ये नवी मुले आली की हेच पुन्हा पाहतो. म्हणून हा लेख केवळ त्या भरावाविषयी, म्हणजे आपण ज्याला पॅडिंग म्हणतो त्याविषयी, लिहिला आहे.

वाचायला सुरुवात करतानाच एक गोष्ट मनात पक्की धरावी. बॅगवर, म्हणजे ठोसे मारण्यासाठी टांगलेल्या जड पिशवीवर, वापरायच्या ग्लोव्हमधला भराव आपल्या हातासाठी असतो आणि स्पॅरिंगच्या, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीच्या, ग्लोव्हमधला भराव समोरच्याच्या चेहऱ्यासाठी असतो. पैसे आपण मोजलेले असले तरी त्या दुसऱ्या भरावावर पहिला हक्क जोडीदाराचा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: भराव नेमके काय करतो, ते समजून घ्या

माणसाच्या एका हातात, मनगट धरून, २७ हाडे असतात. ठोसा बसताना त्यातल्या तळहाताच्या पाच लांबट हाडांवर सर्वाधिक भार येतो. तर्जनी आणि मधले बोट यांच्या मागची हाडे मनगटाशी घट्ट बांधलेली असतात, म्हणून मुठीवरच्या पहिल्या दोन उंचवट्यांनी ठोसा द्यायला शिकवले जाते. करंगळीच्या बाजूचे हाड बारीक आणि थोडे हलते असते. ठोसा तिरका बसला तर ते उंचवट्याच्या लगेच मागे, हाडाच्या मानेजवळ, मोडते. डॉक्टर या दुखापतीला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, परंतु ती प्रत्यक्षात मुष्टियोद्ध्यांपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर किंवा दारावर मूठ आपटणाऱ्यांमध्येच अधिक दिसते.

भरावाचे काम समजायला क्रिकेटचा झेल आठवावा. वेगाने आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, कारण चेंडू थांबायला जितका जास्त वेळ मिळतो तितका फटका सौम्य लागतो. ग्लोव्हमधला फोम दबतो तेव्हा तो हेच करतो: मूठ थांबायला क्षणाचा एक अंश जास्त देतो आणि जोर लहानशा हाडावर न ठेवता रुंद जागेवर पसरवतो. मात्र फोमची जाडी मर्यादित असते. तो पूर्ण दबला की विहिरीत पोहऱ्याला तळ लागावा तसा भरावाचा तळ लागतो, आणि त्यापुढचा सगळा जोर हाड आणि हाड यांच्यामध्ये थेट जातो. चांगला ग्लोव्ह आणि वाईट ग्लोव्ह यांतला खरा फरक हा तळ किती उशिरा लागतो एवढाच आहे.

भराव जे करत नाही तेही इथेच सांगितले पाहिजे. जाड ग्लोव्हमुळे कातडी फाटणे, भुवई चिरणे, गालाचे हाड दुखावणे हे कमी होते. परंतु डोके झटक्याने फिरल्यावर कवटीच्या आत मेंदूला जो हादरा बसतो, तो कोणत्याही ग्लोव्हने पूर्णपणे थांबत नाही. जाड ग्लोव्ह घातला म्हणजे पूर्ण ताकदीने मारायला हरकत नाही, ही समजूत आमच्याकडे फार पसरली आहे आणि ती धोकादायक आहे. ग्लोव्ह कितीही मऊ असला तरी जोर आवरण्याची जबाबदारी खांद्याचीच राहते.

दुसरी पायरी: आत काय काय भरलेले असते, ते ओळखा

बाजारात मिळणाऱ्या ग्लोव्हजमध्ये साधारणपणे चार-पाच प्रकारचे भराव आढळतात. रोजच्या वापरातल्या वस्तूंशी ताडून पाहिले की ते लक्षात राहतात.

ईव्हीए फोम आपल्या सर्वांच्या पायाखाली असतो, कारण हलक्या स्लिपरचे तळवे आणि व्यायामाच्या चटया त्याच्याच बनतात. तो चिवट असतो, आकार चांगला धरतो आणि पाणी फारसे शोषत नाही. म्हणून बॅगच्या ग्लोव्हजमध्ये त्याचा भरपूर वापर होतो. जुनी स्लिपर टाचेखाली जशी दबून पातळ होते आणि परत उठत नाही, तसाच हा फोमही मुठीच्या उंचवट्यांखाली कायमचा बसतो. पीयू फोम सोफ्याच्या गादीतला. मऊ आणि आरामदायक, परंतु त्याचे काही प्रकार ओलाव्यात अनेक महिने राहिले की आतून सुटत जातात. लॅटेक्स फोम रबराच्या चिकापासून बनतो, दाबल्यावर झटकन उसळून वर येतो, आणि स्पॅरिंगच्या ग्लोव्हला जी मृदुता हवी ती त्यातून उत्तम मिळते. ऊन, उष्णता आणि घाम यांनी मात्र तो वाळून भुगा होतो. काही ग्लोव्हजमध्ये फोम साच्यात ओतून एकसंध तयार केलेला असतो. त्याची जाडी सगळीकडे सारखी राहते आणि थर सरकण्याची भीती नसते. चांगल्या थरांच्या ग्लोव्हमध्ये दोन किंवा तीन वेगवेगळ्या घनतेचे फोम एकावर एक ठेवलेले असतात: मऊ थर हलका फटका झेलतो आणि घट्ट थर जोराच्या फटक्यात तळ लागू देत नाही.

घोड्याच्या केसांचा भराव हा जुना आणि मानाचा प्रकार आहे. मेक्सिकोतल्या ग्लोव्हजची ती ओळख मानली जाते. असा ग्लोव्ह मुठीवर पातळ लागतो, ठोशाचा दणका समोरच्यापर्यंत पोचवतो आणि वापराने केस बाजूला सरकत जातात. व्यावसायिक लढतीत त्याचे स्थान असेल, पण नवशिक्याने तो बॅगलाही वापरू नये आणि स्पॅरिंगला तर मुळीच नाही.

राहिला शेवटचा प्रकार, आणि आमच्या भागात सर्वात जास्त मुले ज्याला फसतात तो हाच: कापसाचा किंवा चिंध्यांचा भराव. खेळण्यातल्या ग्लोव्हजसारखा दिसणारा, बाहेरून चकचकीत रेक्झिनचा आणि हातात घेतल्यावर छान फुगीर वाटणारा हा ग्लोव्ह नवा असताना फोमपेक्षाही मऊ लागतो. घरातल्या जुन्या गादीतला कापूस जसा बसतो, त्याचे गठ्ठे होतात आणि मधे पोकळी राहते, तसेच इथे काही आठवड्यांत होते. गादी निदान पिंजारी पुन्हा पिंजून देतो, ग्लोव्हला तो उपाय नाही.

तिसरी पायरी: औंसाचा अर्थ नीट लावा

ग्लोव्हवर छापलेला औंस हा एका ग्लोव्हच्या वजनाचा आकडा असतो, जोडीचा नव्हे. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. म्हणून १० औंसाचा एक ग्लोव्ह सुमारे २८३ ग्रॅम, १२ औंसाचा ३४०, १४ औंसाचा ३९७ आणि १६ औंसाचा ४५४ ग्रॅम भरला पाहिजे. या वजनात कातडे, अस्तर, मनगटाचा पट्टा आणि वेल्क्रो हे सगळे धरलेले असते. याचा अर्थ असा की १६ औंस लिहिलेल्या दोन ग्लोव्हजपैकी एकात मुठीवर दोन बोटे जाड फोम असू शकतो, आणि दुसऱ्यात तेच वजन जाड कातड्यात आणि मनगटाच्या गुबगुबीत पट्ट्यात गेलेले असू शकते. औंसाचा आकडा पाहावाच, परंतु त्यावर थांबू नये.

आकडा खरा आहे का, हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे. मागच्या वर्षी एका मुलाने कौतुकाने आणलेले १६ औंसाचे ग्लोव्हज आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. एक ३७२ ग्रॅम भरला आणि दुसरा ३८९. म्हणजे जोडी १४ औंसाचीही नव्हती, आणि डाव्या-उजव्यातही फरक होता. दुकानदारांनी काट्याकडे पाहून एवढेच म्हटले, “बघा की मामा, साखरेत एवढी मारली तर गिऱ्हाईक भांडायला येतंय.” त्या दिवसापासून नवा ग्लोव्ह वजन केल्याशिवाय आमच्या हॉलमध्ये वापरात येत नाही.

कोणी किती औंस वापरावा, याचे सराव हॉलमधले संकेत असे आहेत. पन्नास किलोच्या आतल्या नवशिक्याने बॅग आणि पॅडसाठी (ठोसे झेलायला प्रशिक्षक हातात धरतात ती गादी) १० किंवा १२ औंस, आणि स्पॅरिंगसाठी १४ औंस घ्यावा. पन्नास ते सत्तर किलोच्या दरम्यान बॅगसाठी १२ औंस पुरतो आणि स्पॅरिंगसाठी १४ किंवा १६ लागतो. सत्तरच्या वर बॅगला १४ आणि स्पॅरिंगला १६ हे किमान समजावे, आणि नव्वदच्या वरच्या मुलाने मिळाल्यास १८ औंस घ्यावा. हे नियम नसून रूढी आहे. आपल्या प्रशिक्षकांनी वेगळे सांगितले तर त्यांचेच ऐकावे, फक्त त्यांचे सांगणे स्पॅरिंगमध्ये याहून हलक्या ग्लोव्हकडे जात असेल तर नम्रपणे कारण विचारावे.

दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या लढतींवरून मात्र माप घेऊ नये. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे १४७ पाउंड अथवा सुमारे ६६.७ किलोपर्यंत, साधारणतः ८ औंसाचे आणि त्यावरच्या गटांत १० औंसाचे ग्लोव्हज वापरले जातात. हौशी स्पर्धांत वजनगटानुसार १० किंवा १२ औंस असतात. ते ग्लोव्हज एका लढतीपुरते, पंचांनी तपासून दिलेले असतात. त्याच आकाराचे ग्लोव्हज घालून आठवड्यातून तीन वेळा मित्राच्या तोंडावर मारणे हा वेगळाच प्रकार होईल.

चौथी पायरी: दुकानात तपासणी करा

बेळगावात खेळाच्या सामानाची दुकाने आहेत, कोल्हापूर आणि हुबळीही फार लांब नाहीत, आणि आता बरेच जण ऑनलाइन मागवतात. देशात हे ग्लोव्हज मुख्यतः मेरठ आणि जालंधर या शहरांत बनतात आणि तिथून सगळीकडे जातात. त्यामुळे एकाच कारखान्याचा माल वेगवेगळ्या नावांनी दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नये. पहिली जोडी शक्यतो हातात घेऊन, घालून पाहूनच घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

दुकानात जाताना हाताला गुंडाळायच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात आणि त्या गुंडाळूनच ग्लोव्ह घालावा. उघड्या हाताला नेमका बसणारा ग्लोव्ह पट्टीवर चढतच नाही, आणि पट्टीशिवाय सैल वाटणारा पट्टीवर बरोबर बसतो. हात आत गेल्यावर बोटांची टोके ग्लोव्हच्या टोकाला हलकी टेकली पाहिजेत आणि फार जोर न लावता मूठ मिटता आली पाहिजे. नंतर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बाहेरून चाचपत आपल्या मुठीचे उंचवटे शोधावेत. फोमचा सर्वात जाड भाग बरोबर त्यांच्यावर आला पाहिजे. स्वस्त ग्लोव्हजमध्ये हा जाड भाग पुढे बोटांच्या मधल्या सांध्यांवर जातो आणि उंचवट्यांवर उतार येतो. दिसायला ग्लोव्ह जाडजूड, आणि जिथे हवे तिथेच पातळ.

यानंतरची परीक्षा अंगठ्याची. मुठीच्या चारही उंचवट्यांच्या जागी, एकेक करून, अंगठा घट्ट दाबावा आणि सोडावा. फोम दाबताना आधी सहज आणि मग अवघड होत गेला पाहिजे, आणि सोडल्यावर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. अंगठा आत शिरून खाली स्वतःचे हाड लागले तर ग्लोव्ह पातळ आहे. अंगठा मुळी शिरलाच नाही तर तो बॅगसाठी चालेल, स्पॅरिंगसाठी नाही. खड्डा हळूहळू, कणीक दाबल्यासारखा राहिला तर आत कापूस आहे किंवा हलका फोम आहे. दोन्ही ग्लोव्हज एकाच दाबाला सारखे वागतात का, तेही पाहावे.

अंगठ्याच्या घराकडे दुर्लक्ष करू नये. ग्लोव्हचा अंगठा पट्टीने किंवा शिलाईने मुठीला जोडलेला असलाच पाहिजे, कारण सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि स्वतःचाही मागे वळतो. मनगटाचा पट्टा रुंद आणि ताठ असावा. वेल्क्रोचा ग्लोव्ह एकट्याला घालता येतो म्हणून नवशिक्याला तोच सोयीचा; दोरीचा ग्लोव्ह मनगट अधिक चांगले धरतो, पण बांधायला दुसरा माणूस लागतो. शेवटी ग्लोव्हच्या तोंडातून आत पाहून अस्तर सैल आहे का ते ओढून पाहावे. सैल अस्तर सरावात गोळा होते, बोटे त्यात अडकतात आणि मूठ वाकडी पडते.

पाचवी पायरी: दोन जोड्या ठेवा, आणि बॅगची जोडी कधीही माणसावर वापरू नका

या पायरीवर मी इतरांपेक्षा जास्त थांबणार आहे, कारण माझी स्वतःची चूक इथली आहे. शिकायला लागलो तेव्हा माझ्याकडे १२ औंसाची एकच जोडी होती. आठ-नऊ महिने मी ती बॅगवर वापरली आणि एका रविवारी सकाळी तीच घालून माझ्या जोडीदारासमोर उभा राहिलो. ठोसा माझ्या मते हलकाच होता. त्याची डावी भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरले आणि दवाखान्यात चार टाके घालावे लागले. त्याच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि ते मला आजही आठवते. कारण शोधायचे म्हणून नंतर मी तो उजवा ग्लोव्ह ब्लेडने शिलाईवर उसवला. वरून तो जवळजवळ नव्यासारखा दिसत होता. आत, पहिल्या दोन उंचवट्यांच्या जागी, फोममध्ये लिंबाएवढे दोन गोल खड्डे पडले होते. तिथे उरलेली जाडी वहीच्या पुठ्ठ्याएवढी होती. त्याच्या खालचा लॅटेक्सचा थर बोटाने घासताच पिवळ्या भुग्यासारखा सांडला. कडेचा फोम मात्र पूर्ण जाडीचा आणि मऊ होता, म्हणूनच बाहेरून दाबताना मला कधी शंका आली नव्हती.

बॅग हेच करते. माणसाचे डोके ठोशाबरोबर मागे जाते, जड बॅग तितकी जात नाही. त्यात आपल्याकडच्या गावठी बॅगा आणखी कडक असतात: ताडपत्री शिवून तिच्यात चिंध्या, लाकडाचा भुसा आणि वजनासाठी वाळू भरली जाते. वाळू महिनाभरात तळाशी उतरते आणि बॅगचा खालचा तिसरा भाग दगडासारखा होतो. ज्या मुलांना स्वतः बॅग भरायची आहे त्यांनी वाळू टाळावी. शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकर वस्तीत टाकाऊ सूत आणि शिंप्यांकडे कापडाच्या कात्रणी मिळतात. त्या बटणे, चेन काढून थोड्या थोड्या ठासत भरल्या तर बॅग जडही होते आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी राहते. ग्लोव्हचे आयुष्य ग्लोव्हइतकेच बॅगवरही अवलंबून असते.

म्हणून नियम असा ठेवावा की बॅगवर एकदा गेलेली जोडी पुन्हा माणसावर वापरायची नाही. उलट दिशेने चालते: स्पॅरिंगची जोडी जुनी झाली की ती बॅगला द्यावी आणि स्पॅरिंगसाठी नवी घ्यावी. दोन जोड्यांचा खर्च एकदम झेपत नसेल, आणि आमच्याकडे अनेकांना तो झेपत नाही, तर पहिल्यांदा बॅगची जोडी घ्यावी. पहिले तीन-चार महिने नवशिक्याने स्पॅरिंग करूच नये, असे माझे ठाम मत आहे. तेवढ्या काळात दुसऱ्या जोडीचे पैसे जमवता येतात. काही ठिकाणी सात-आठ मुले मिळून स्पॅरिंगसाठी दोन चांगल्या जोड्या सामाईक घेतात आणि त्या हॉलमध्येच ठेवतात, हाही चांगला मार्ग आहे. फक्त प्रत्येकाने स्वतःची धुतलेली पट्टी गुंडाळूनच त्यात हात घालावा, नाहीतर गजकर्ण सगळ्यांमध्ये फिरते.

भराव ही किती गंभीर गोष्ट आहे, याचे बॉक्सिंगच्या इतिहासातले उदाहरण नवशिक्यांना मी नेहमी सांगतो. १६ जून १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुइस रेस्टो आणि बिली कॉलिन्स ज्युनिअर यांची लढत झाली. लढत संपल्यावर हस्तांदोलन करताना कॉलिन्स यांच्या वडिलांच्या हाताला रेस्टोचा ग्लोव्ह पातळ लागला. तपासणीत दोन्ही ग्लोव्हजमधून सुमारे एकेक औंस भराव काढून टाकल्याचे उघड झाले. कॉलिन्सच्या डोळ्यांना झालेली इजा अशी होती की तो पुन्हा कधी लढू शकला नाही, आणि पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पॅनामा लुइस यांना तुरुंगवास झाला. एक औंस म्हणजे मूठभर शेंगदाण्यांचे वजन. तिथे तो मुद्दाम काढला होता. माझ्या ग्लोव्हमधला मी नकळत, बॅगवर मारून मारून, निकामी केला होता. समोरच्या भुवईला तो फरक कळत नाही.

सहावी पायरी: पट्टी गुंडाळल्याशिवाय ग्लोव्ह घालू नका

भराव बाहेरचा धक्का झेलतो, पण मुठीतली हाडे एकमेकांपासून फाकू न देण्याचे काम पट्टीचे आहे. प्रौढांनी साडेचार मीटरची, आणि लहान हाताच्या मुलांनी पावणेतीन मीटरच्या आसपासची, थोडी ताणली जाणारी सुती पट्टी घ्यावी. अंगठ्यात फास अडकवून मनगटाला तीन वेढे, मग तळहाताच्या पाठीवरून मुठीच्या उंचवट्यांवर तीन वेढे, बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा, अंगठ्याला एक फेरा आणि उरलेली पट्टी पुन्हा मनगटाला, असा साधा क्रम पुरेसा आहे. गुंडाळताना बोटे फाकवून ठेवावीत. मूठ मिटल्यावर पट्टी घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटली की ती बरोबर बसली. बोटे निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा गुंडाळावी.

सातवी पायरी: स्पॅरिंगच्या आधी एकमेकांचे ग्लोव्हज दाबून पाहा

आमच्या हॉलमध्ये स्पॅरिंगची सुरुवात अशी होते की दोघे समोरासमोर उभे राहून आपले ग्लोव्हज एकमेकांच्या हातात देतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या ग्लोव्हवर चारही जागी अंगठा दाबून पाहतो. ज्याला शंका येईल त्याने सांगावे, आणि समोरच्याने वाद न घालता ग्लोव्ह बदलावा. तालमीत हात मिळवून कुस्ती सुरू होते, तितकेच हे साधे आणि मानाचे मानले पाहिजे. दोघांचे औंस सारखे असावेत; वजनात मोठा फरक असेल तर जड मुलाने जास्त औंसाचा ग्लोव्ह घालावा. वेल्क्रोच्या टोकावर चिकटपट्टी लावावी, कारण त्याची खरखरीत कड मानेवर आणि डोळ्यावर ओरखडे काढते.

माउथगार्ड, हेडगार्ड आणि जांघेचे गार्ड हे तिन्ही असल्याशिवाय सुरू करू नये. हेडगार्डविषयीही भरावासारखाच गैरसमज आहे: तो चिरा आणि खोक टाळतो, मेंदूचा हादरा टाळण्याची हमी देत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांतून वरिष्ठ पुरुष गटात तो २०१३ मध्ये काढला गेला, परंतु त्यावरून सरावातही तो नको असा अर्थ नवशिक्याने काढू नये. ठोशाचा जोर सुरुवातीला निम्म्याच्याही आत ठेवावा. डोक्याला मार लागल्यावर कोणाला मळमळ झाली, गरगरले, डोके दुखत राहिले, बोलणे असंबद्ध झाले किंवा नुकतेच घडलेले आठवेना, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याने पुन्हा स्पॅरिंग करू नये. तो स्वतः “सर, काही नाही, ठीक आहे” म्हणेल. त्याच्या या म्हणण्यावर जाऊ नये.

आठवी पायरी: पावसाळ्यात भराव वाचवा

बेळगावचा पावसाळा ग्लोव्हजचा वैरी आहे, आणि खानापूरकडे तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातले कपडेच वाळत नाहीत. घामाने भिजलेला ग्लोव्ह पिशवीत बंद राहिला की आत बुरशी धरते, अस्तर कुजते आणि फोम ओलाव्याने सुटू लागतो. घरी आल्यावर पहिल्यांदा ग्लोव्ह पिशवीतून काढावा, कोरड्या फडक्याने आतबाहेर पुसावा, पट्टा पूर्ण उघडावा आणि आत चुरगळलेले वर्तमानपत्र कोंबावे. आमच्याकडे जुन्या ‘तरुण भारत’चा यासाठी रोज उपयोग होतो. अर्ध्या तासाने तो कागद ओला होतो. तो काढून दुसरा घालावा आणि ग्लोव्ह तोंड खाली करून पंख्याखाली टांगावा. उन्हात, चुलीजवळ किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये, कारण उष्णतेने लॅटेक्स वाळतो आणि कातडे तडकते. बादलीत बुडवून किंवा यंत्रात धुऊ नये. भराव एकदा पाणी प्यायला की आमच्या हवेत तो आठवडाभर वाळत नाही.

शिलाई उसवली तर चांगल्या चर्मकाराकडून ती निर्धास्त शिवून घ्यावी. अथणी, निपाणी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या चपला बनवणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हातचा टाका कारखान्याच्या टाक्यापेक्षा जास्त टिकतो, हा माझा अनुभव आहे. पण ग्लोव्ह उघडून आत नवा फोम किंवा कापूस भरून घेण्याच्या फंदात कोणी पडू नये. जाडी कुठे किती हवी, कोणता थर वर आणि कोणता खाली, हे अंदाजाने जमत नाही, आणि चुकलेला भराव बाहेरून दिसत नाही.

नववी पायरी: ग्लोव्ह केव्हा काढून टाकावा

ठराविक महिन्यांचा हिशेब इथे लागू पडत नाही. रोज दहा फेऱ्या मारणाऱ्याचा आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्याचा ग्लोव्ह सारखा टिकणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या सरावाला अंगठ्याची तीच दुकानातली परीक्षा पुन्हा घ्यावी. आता बाहेरून दाबणे पुरेसे नाही, हे माझ्या उसवलेल्या ग्लोव्हने शिकवले. म्हणून हात आत घालून मूठ मिटावी आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर चारही उंचवट्यांनी हळू ठोकून पाहावे. तळव्याला हाड वेगळे जाणवले, किंवा एक ग्लोव्ह दुसऱ्यापेक्षा कडक लागला, तर त्याचे स्पॅरिंग त्या दिवसापासून बंद. बॅगवरही हाड जाणवू लागले, किंवा बॅगवर मारल्यानंतर मुठीचे उंचवटे दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले, की तो ग्लोव्ह कापून टाकावा. धाकट्या भावाला किंवा गल्लीतल्या पोराला देऊ नये, कारण तो त्याच दिवशी घालून कोणाशी तरी खेळणार.

नवी जोडी घरी आली की मनगटाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनने महिना आणि वर्ष लिहावे, काट्यावर भरलेले ग्रॅम लिहावेत, आणि त्याखाली ‘बॅग’ किंवा ‘स्पॅरिंग’ यांपैकी एकच शब्द लिहावा.